पाठीतलं पाणी काढायला मी सही दिली, आता घरात कोणी माझ्याशी बोलत नाही

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी 27 वर्षांची, खानापूर तालुक्यातल्या एका गावची, बेळगावात नोकरीला. धाकटा भाऊ 19 वर्षांचा. त्याला दोनतीन आठवडे बारीक ताप, डोकं दुखायचं, मग उलट्या चालू झाल्या आणि एक दिवस तो काहीतरी असंबद्धच बोलायला लागला, म्हणून तिनं त्याला बेळगावात ॲडमिट केलं. गावात रोप लावण चालू होती, आईबाबा पोचायच्या आत डॉक्टरांनी डोक्याचा सीटी केला आणि पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं ते) काढून तपासावं लागेल म्हणाले. फॉर्म इंग्रजीत, समजावून सांगणारे डॉक्टर कन्नड आणि इंग्रजी बोलणारे, तिला अर्धंमुर्धं कळलं आणि तिनं सही दिली. पाण्यात टीबीचे जंतू सापडले नाहीत, पण बाकीच्या रिपोर्टवरून टीबीचा मेंदूज्वर धरून औषधं चालू केली. आता ताप उतरतोय, भाऊ नीट बोलतोय, पण उठून बसला की डोकं ठणकतं आणि कंबर दुखते. डॉक्टर म्हणतात परत एकदा पाणी तपासू. बाबा आणि काका ऐकायला तयार नाहीत. गावातले एक आजोबा पाणी काढल्यावर वारले होते, मावशीची कंबर सिझरच्या वेळच्या इंजेक्शनपासून दुखते, हे सगळं आता निघतंय, आणि "पोरीनं एवढी मोठी सही कुणाला विचारून केली" हे तर रोजचं झालंय. डिस्चार्ज घेऊन मिरजेला नाहीतर सरळ गावी न्यायचं चाललंय. ती विचारते, "अक्का, मी भावाचं वाटोळं केलं का? आणि दुसऱ्यांदा सही करू का नको?"

(ओळख पटेल असे तपशील बदललेत. पत्र आलं तसं तिला थोडक्यात उत्तर लगेच पाठवलं होतं, हे सविस्तर उत्तर तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या वॉर्डाबाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांसाठी.)

अगं बाई, आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते मिळाल्याशिवाय बाकीचं काही तुझ्या डोक्यात शिरणार नाही. नाही, तू भावाचं वाटोळं केलेलं नाहीस. टीबीचा मेंदूज्वर औषधाविना राहिला तर माणूस सहसा वाचत नाही, आणि औषध चालू होताना पेशंट किती शुद्धीत होता यावर पुढचं बरंचसं अवलंबून असतं. तुझा भाऊ बरळायला लागला होता पण अजून बेशुद्ध पडला नव्हता, आणि नेमक्या त्या वेळेत तू सही दिलीस. आईबाबा यायची वाट बघत एक दिवस गेला असता, मग चर्चेत अजून एक, आणि या आजारात असे दिवस परत मिळत नाहीत.

आता तुझ्या घरच्यांची भीती. ती मी उडवून लावणार नाही, कारण मी बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर म्हणून काढलीत आणि ही भीती मी शिकलेल्या, न शिकलेल्या, शहरातल्या, खेड्यातल्या सगळ्यांच्या तोंडावर बघितलीय. तिच्या मुळाशी एकच समजूत असते, की पाठीत सुई घातली म्हणजे मज्जारज्जूत घातली आणि मज्जारज्जूला धक्का लागला की माणूस कायमचा पांगळा. मज्जारज्जूला इजा झाली तर पांगळेपण येऊ शकतं हे खरं आहे. पण सुई तिथं घालतच नाहीत. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या आणि चौथ्या नाहीतर चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधल्या फटीत. त्या जागी पाण्यानं भरलेली पिशवी असते आणि पायांकडं जाणाऱ्या नसा त्यात मोकळ्या असतात, पाण्यात सोडलेल्या शेवयांसारख्या, सुई आली की बहुतेक वेळा बाजूला सरकतात. आणि ही जागा डोळे झाकून धरत नाहीत, कमरेच्या दोन्ही बाजूंची हाडं वरून हातानं चाचपायची, ती जोडणारी आडवी रेघ साधारण चौथ्या मणक्यावर येते, तिथून फट मोजायची. तान्ह्या बाळाचा मज्जारज्जू थोडा खालपर्यंत असतो म्हणून त्यांना आणखी खालची फट निवडतात, एवढा विचार त्यात असतो.

तू लिहिलंयस की तुला बाहेर थांबायला सांगितलं आणि अर्ध्या तासानं दार उघडलं, आत काय केलं ते कुणी सांगितलंच नाही. मग मी सांगते, कारण माणसाला दिसत नाही तेच त्याला जास्त छळतं. पेशंटला एका कुशीवर झोपवतात, पाठ अगदी पलंगाच्या कडेला, गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी. एक सिस्टर समोरून उभी राहून एक हात मानेमागं आणि एक गुडघ्यांमागं घालून त्याला तसंच धरून ठेवते. बांधून ठेवल्यासारखं वाटतं खरं, पण पाठ वाकली की मणक्यांमधली फट उघडते आणि माणूस हलला नाही तर सुई पहिल्याच वेळी नीट जायची शक्यता वाढते. काहींना बसवून, पुढं उशीवर वाकवून करतात. मग पाठ बिटाडिननं दोनतीनदा पुसतात, ते गारगार लागतं, मधे भोक असलेलं निर्जंतुक कापड टाकतात, आणि त्या जागी बधिर करायचं इंजेक्शन देतात. पेशंटला खरं दुखतं ते हेच, अर्धा मिनिट चुरचुरतं. त्यानंतर दाब जाणवतो, दुखणं कमी.

ती सुई साधारण 9 सेंटीमीटर लांब असते आणि नातेवाइकांनी चुकून ट्रेमधे बघितली की त्यांना घाम फुटतो. पण ती बारीक असते आणि सगळी आत जातेच असं नाही. तिच्या पोकळीत एक तार असते. डॉक्टर सुई हळूहळू पुढं सरकवतात, त्या पाण्याच्या पिशवीच्या आवरणातून आत गेली की हाताला हलकंसं सैल लागतं, मग तार बाहेर काढतात आणि पाणी आपोआप थेंबाथेंबानं यायला लागतं. हे तुझ्या बाबांना मुद्दाम सांग, की "काढतात" म्हणजे सिरिंज लावून ओढत नाहीत. ते आतल्या दाबानं स्वतःच ठिबकतं, खाली छोट्या बाटल्या धरतात, तीनचार. जमलं तर सुईला उभी नळी लावून दाब पण मोजतात, पडून असताना साधारण 6 ते 20 सेंटीमीटर पाणी, 25 पर्यंत चालतं, त्याच्या वर असेल तर डोक्यात दाब वाढलाय असं धरतात. शेवटी तार परत घालून सुई काढायची, पट्टी लावायची, झालं. त्या अर्ध्या तासातला बराचसा वेळ तयारीतच जातो.

आणि किती पाणी जातं? तुझे काका म्हणाले ना, "पोराच्या मेंदूचं पाणीच काढून घेतलं." मोठ्या माणसात हे पाणी सगळं मिळून साधारण 150 मिली असतं, पण शरीर दिवसाला जवळजवळ 500 मिली नवीन बनवतं, म्हणजे तासाला 20 मिली. तपासणीला 10-15 मिली लागतं. तासाभरात भरून येतं. टीबीचा संशय असला की मुद्दाम जरा जास्त घेतात, कारण पाण्यात टीबीचे जंतू फार थोडे असतात, चार थेंबात ते सापडणार कसे? म्हणजे जास्त पाणी घेतलं असेल तर तो निष्काळजीपणा नव्हता.

आता तुझा पुढचा घोळ, "टीबी सापडलाच नाही, मग औषधं कसली?" हा प्रश्न बाबांना पडणं बरोबरच आहे आणि तो त्यांनी डॉक्टरांना विचारायला पाहिजे होता, तुझ्यावर ओरडायला नको होतं. त्या पाण्यात नुसते जंतू शोधत नाहीत. पांढऱ्या पेशी मोजतात, एरवी 5 च्या आत असतात. कुठल्या जातीच्या पेशी ते बघतात. प्रोटीन बघतात, एरवी 15 ते 45. साखर बघतात, आणि त्याच सुमाराला हाताच्या रक्तातली साखरही बघतात, कारण पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन तृतीयांश असायला पाहिजे. साध्या जंतूंचा मेंदूज्वर असेल तर पाणी गढूळ येतं, न्यूट्रोफिल नावाच्या पेशी खच्चून असतात, साखर खाली जाते, आणि त्याला तासाभराचाही उशीर चालत नाही. व्हायरसचा असेल तर लिम्फोसाइट नावाच्या पेशी वाढतात पण साखर बहुतेक ठीक राहते. टीबीत लिम्फोसाइट वाढलेले, प्रोटीन चढलेलं आणि साखर उतरलेली, अशी सगळी मिळून खूण दिसते. तुझ्या पत्रातले आकडे असेच आहेत. सीबीनॅट, म्हणजे जंतूंचा जनुकीय अंश शोधायची टेस्ट, पॉझिटिव्ह आली तर टीबी पक्का, वर रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का तेही कळतं, पण निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाही असं म्हणता येत नाही. त्यामुळं बाकीच्या खुणांवरून औषध चालू करणं ही घाई नव्हती.

"एमआरआय करा म्हटलं असतं तर सुई लागलीच नसती," हेही लिहिलंयस. एमआरआय चांगलाच, आतली सूज, पाणी तुंबलंय का, गाठ आहे का हे तो दाखवतो. पण सूज कुठल्या जंतूनं आली हे फोटोत कळत नाही, आणि औषध जंतू बघून ठरतं. एमआरआय पण करतात आणि पाणी पण तपासतात.

गावच्या त्या आजोबांबद्दल मला एवढंच विचारायचंय, की त्यांचं पाणी का काढलं होतं? धडधाकट, शेतावर जाणाऱ्या माणसाचं कुणी पाणी काढत नाही. ज्याच्या मेंदूला सूज आलीय, जो शुद्ध हरपत चाललाय, ज्याचं कारण दुसऱ्या कशानं कळत नाहीय, त्याचं काढतात. अशी माणसं आजारानं दगावतातही, आणि घरच्यांच्या डोळ्यासमोर शेवटची गोष्ट सुईची झालेली असते म्हणून गावात नाव सुईचं होतं. गावोगाव ही गोष्ट अशीच पसरत गेलीय आणि तिच्यामुळं किती जणांनी वेळेवर तपासणी नाकारली असेल याचा विचार केला तरी पोटात गोळा येतो. 1891 साली जर्मनीत हाइनरिख क्विंके यांनी आजच्यासारखी सुई वापरून पाणी काढायची पद्धत घालून दिली, त्याच सुमाराला लंडनमधे वॉल्टर एसेक्स विंटर यांनी टीबीच्या मेंदूज्वराच्याच पेशंटांचं पाणी काढून डोक्यातला दाब कमी करायचा प्रयत्न केला. तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं, दाब तात्पुरता कमी व्हायचा आणि पेशंट जायचे. आज निदान झालं तर औषध आहे, एवढा फरक पडलाय.

मावशीच्या कंबरेचं म्हणशील तर सिझरला देतात ते इंजेक्शन जवळपास त्याच फटीत देतात, फक्त पाणी घ्यायच्या ऐवजी भुलीचं औषध आत सोडतात. आपल्याकडं सिझर झालेल्या किती बायका आहेत बघ की, तुझ्या गल्लीतच निघतील, आणि त्या सगळ्या चालतायत, शेतात वाकतायत. सुईच्या जागी चारपाच दिवस दुखणं हे बऱ्याच जणांना होतं. पण वर्षानुवर्षं दुखणाऱ्या कंबरेचं खापर त्या इंजेक्शनवर फोडता येत नाही, तसं दिसून आलेलं नाही. गरोदरपण, बाळाला उचलणं, विहिरीवरून पाणी आणणं, विश्रांती न मिळणं याचा हिशोब कुणी मांडत नाही. मावशीला नीट तपासून घ्यायला सांग, "इंजेक्शनमुळं" म्हणून ती उपचाराविनाच बसलीय का काय अशी मला शंका आहे.

याचा अर्थ या तपासणीत काहीच धोका नाही असं मी म्हणत नाहीय. डोक्यात मोठी गाठ असेल किंवा एका बाजूला सूज येऊन दाब खूप वाढला असेल तर खालून पाणी सोडल्यावर मेंदू खाली सरकू शकतो, ते जीवावरचं असतं, म्हणूनच शुद्ध कमी असलेल्या, झटके आलेल्या, एक बाजू लुळी पडलेल्या पेशंटचा आधी सीटी करतात. तुझ्या भावाचा आधी सीटी झाला तो याचसाठी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, प्लेटलेट फार कमी असतील तर आत रक्तस्राव होऊन नसा दाबल्या जाऊ शकतात, सुईच्या जागी गळू असेल तर जंतू आत जाऊ शकतात. हे सगळं क्वचित होतं, पण होतं. त्यामुळं हे वाचणाऱ्या इतरांनी एक करा, घरच्या पेशंटला हार्टची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणहून सांगा, गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. गडबडीत हीच गोष्ट राहून जाते.

आता त्याचं डोकं. तू लिहिलंयस की उठून बसला की दुखतं आणि आडवा झाला की कमी होतं. ही सुईनंतरची नेहमीची डोकेदुखी वाटते. सुईच्या बारीक भोकातून पाणी थोडं थोडं झिरपत राहतं, उभं राहिलं की मेंदूला पाण्याचा आधार कमी पडतो आणि डोकं ओढल्यासारखं दुखतं. तरुण पोरांना जास्त होतं. बहुतेकांचं आठवडा-दोन आठवड्यात जातं. म्हणजे घरचे "सुईमुळं झालं" म्हणतात त्यात तथ्य आहे, हे तू त्यांच्यासमोर मोकळेपणानं कबूल कर, त्यानं तुझं बाकीचं बोलणं पण ऐकलं जाईल. फक्त हे तात्पुरतं असतं, कायमचं नुकसान नसतं. आणि ते डॉक्टरांना सांगितलंय का? तुझ्या पत्रात तसं कुठं दिसलं नाही, घरात भांडण झालं पण राउंडला कुणी बोललं नाही असं वाटतंय. सांगा. गोळी देतील, पाणी भरपूर प्यायला सांगतील, चहा-कॉफीनं काहींना बरं वाटतं. फारच लांबलं तर पेशंटचंच थोडं रक्त त्या जागी आवरणाच्या बाहेर सोडून भोक बंद करायची पद्धत आहे, पण जंतूंचा आजार चालू असताना ती करायची का हे डॉक्टरच ठरवतील. दिवसभर उताणा पडून राहिलं की डोकेदुखी टळते असं पूर्वी मानायचे, आम्हीही पेशंटांना तसंच पाडून ठेवायचो, आता तसं काही दिसत नाही. दुखलं तर पडावं, नाहीतर हळूहळू उठावं.

पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव. त्याच्या आजारातही डोक्यात पाणी तुंबून दाब वाढू शकतो. डोकेदुखी पडून असताना पण वाढायला लागली, सकाळी जास्त, उलट्या परत चालू, झोपाळू वाटायला लागला, एकाचे दोन दिसायला लागले, तर ते सुईचं म्हणून सोडून द्यायचं नाही, त्याच मिनिटाला सिस्टरला हाक मारायची. तसंच पायातली ताकद जाणं, बसायच्या जागी बधिर वाटणं, लघवी अडणं, सुईच्या जागेतून पाणी नाहीतर पू येणं, ताप परत चढणं, यातलं काहीही झालं तरी.

मग दुसऱ्यांदा करायचं का? इथं मी तुला डोळे झाकून हो म्हण असं सांगणार नाही. पहिल्या वेळी वेळच नव्हता, आता आहे, भाऊ सुधारतोय, म्हणून आता प्रश्न विचारायची सवड पण आहे. डॉक्टरांना सरळ विचार, दुसऱ्या वेळच्या पाण्यात तुम्ही नेमकं काय बघणार, आणि रिपोर्ट असा आला तर औषधात काय बदलणार, तसा आला तर काय बदलणार? याची उत्तरं असतात. साखर वर येतेय आणि पेशी उतरतायत का बघायचं असेल, म्हणजे औषध लागू पडतंय का कळतं. किंवा पहिल्यांदा जंतू मिळाला नाही म्हणून आता जास्त पाणी घेऊन परत कल्चर (जंतू वाढवून बघायची टेस्ट) आणि सीबीनॅट करायचं असेल, कारण औषधाला न जुमानणारा टीबी असला तर तो आत्ताच कळलेला बरा. किंवा दाब मोजायचा असेल. यातलं कुठलंही कारण असेल तर माझ्या मते हो म्हणावं. आणि उत्तर "सुधारतोय तर आहेच, थोडं थांबून बघू" असं आलं तर तेही ठीक, काही पेशंटांना परत करावं लागतच नाही. डोकेदुखी जाईपर्यंत चारदोन दिवस थांबता येईल का, आणि ज्या बोथट टोकाच्या सुईनं डोकेदुखी कमी होते ती मिळेल का, हेही विचार. ती सगळीकडं नसते, पण विचारल्याशिवाय कळणार कसं.

मिरजेला न्यायला माझा विरोध नाही, दुसरं मत घ्यायचा हक्क आहेच. पण न्यायचं तर रीतसर, डिस्चार्जचा कागद, सीटीची सीडी, पाण्याचा पूर्ण रिपोर्ट, चालू औषधं आणि त्यांचे डोस लिहून घेऊन, एकही डोस न चुकवता. भांडून, स्वतःच्या जबाबदारीवर सही करून गावी न्यायचं हे मात्र होऊ देऊ नकोस. त्याला जे स्टेरॉईड चालू आहे ते एकदम बंद करायचं नसतं, आठवड्यांच्या हिशोबानं कमी करत आणतात, आणि टीबीची औषधं 9 ते 12 महिने चालतात. बाबांनी देवाला गाऱ्हाणं घातलंय तर घालू देत, त्यानं त्यांना बळ येत असेल तर चांगलंच, गोळ्या त्याच्या सोबत चालू राहिल्या पाहिजेत एवढंच बघ. लघवी नारिंगी झाली म्हणून घाबरून बंद करतील, तो रिफाम्पिसिनचा रंग आहे हे आधीच सांगून ठेव. ही औषधं सरकारी टीबी कार्यक्रमात फुकट मिळतात आणि खाण्यापिण्यासाठी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1000 रुपये पेशंटच्या खात्यात येतात, त्याचं नाव नोंदलंय का ते विचारून घे.

सहीबद्दल. तुला आतून जे खातंय ते बाबांच्या बोलण्यापेक्षा वेगळं आहे असं मला वाटतं. तुला नीट कळलं नव्हतं आणि तरी तू सही दिलीस, ते टोचतंय. पण कळेल अशा भाषेत सांगणं हे समोरच्यांचं काम होतं. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या रुग्ण हक्कांच्या सनदेत हे आहे, पेशंटला आणि घरच्यांना त्यांना समजणाऱ्या भाषेत माहिती द्यायची. आपल्या भागात तर प्रत्येक वॉर्डात मराठी, कन्नड दोन्ही बोलणारी एखादी सिस्टर, एखादा वॉर्डबॉय असतोच, नुसतं "मराठीत सांगणारं कुणी बोलवा की" म्हटलं तरी बोलावतात, लाजू नकोस. हे भाषेच्या भांडणातलं नाही, उपचारातलं आहे. पुढच्या वेळी बाबांना आणि काकांना राउंडच्या वेळेला तिथं उभं कर आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू दे. मधे तू निरोप्या झालीस की डॉक्टरांचा राग पण तुझ्यावर आणि घरचा पण तुझ्यावर. आणि "पोरीनं सही केली" म्हणतात ना, त्या दिवशी ताप अंगावर घेऊन बरळणाऱ्या पोराजवळ कोण होतं? जो जवळ असतो तो सही करतो. तुझ्या जागी भाऊ असता तर "पोरानं वेळेवर धावपळ केली" असं गावभर सांगितलं असतं, हे तुला पण माहितीय.

पण तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात मला एक गोष्ट सापडली नाही. बाबा काय म्हणतात आहे, काका, मावशी, डॉक्टर सगळ्यांचं आहे. भाऊ काय म्हणतो ते कुठंच नाही. तो 19 वर्षांचा आहे, शुद्धीवर आहे, नीट बोलतोय असं तूच लिहितेस. त्या दिवशी तो ठरवू शकत नव्हता म्हणून तू सही दिलीस. आता अंग त्याचं, आणि सही पण त्याचीच लागते. तू सही करू का नको हा प्रश्नच आता तुझा नाही, बाबांचा पण नाही. त्याला हे सगळं वाचून दाखव, का करायचंय, काय कळणार, काय त्रास होणार, आणि मग त्याचं ऐक.

तो हो म्हणाला तर त्याला तीन गोष्टी सांगून ठेव, ज्या आत गेल्यावर कामाला येतात. सुईच्या आधी लघवीला जाऊन यायचं. गुडघे जितके पोटाशी घेता येतील तितके घ्यायचे आणि श्वास रोखून धरायचा नाही, हळू सोडत राहायचा. आणि मधेच एका पायात करंट लागल्यासारखं झालं तर दचकून हलायचं नाही, सुई एखाद्या नसेच्या जवळ गेली एवढाच त्याचा अर्थ असतो, पडल्या पडल्या "डाव्या पायात" किंवा "उजव्या पायात" असं मोठ्यानं सांगायचं, म्हणजे डॉक्टर सुई थोडी मागं घेऊन दुसऱ्या बाजूला वळवतात. कन्नडमधे डावं म्हणजे एड, उजवं म्हणजे बल, तेवढं त्याला येतच असेल.